भेट देऊन न थांबणाऱ्या बाई

नगरच्या बाई कुणाला काही दिलं की तिथे थांबत नसत. वाढदिवसाला येत, हातातली पिशवी चपलांच्या स्टँडवर ठेवत आणि "येते हं" म्हणून जिन्याला लागत. पिशवीत हातानं शिवलेला फ्रॉक असे, नाहीतर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. तो फ्रॉक आम्ही उघडावा, वा वा म्हणावं, आमच्या लेकीला, सईला, घालून दाखवावा, एवढी साधी संधीसुद्धा त्या देत नसत. माझी बायको यावर चिडायची. आभार मानायला तरी थांबा, असं तिनं एकदा जिन्यातून ओरडून सांगितलं, तेव्हा बाई खालच्या मजल्यावरून म्हणाल्या, "म्हणून तर निघाले."

त्यांचं नाव साळवे. यजमान फौजेत सुभेदार होते आणि शेवटची बदली चंडीमंदिरच्या छावणीत झाली. निवृत्तीनंतर दोघांनी तिथून जवळच, पंजाबातल्या झिरकपूरला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि वर्षभरातच सुभेदार गेले. मूलबाळ नव्हतं. बाई माझ्या मुलीच्या, सईच्या शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवत राहिल्या. शाळेत त्या साळवे मॅम. आम्हा मोहालीतल्या कंपनीवाल्या मराठी मंडळींच्या लेखी मात्र त्या नगरच्या बाई, कारण इतक्या वर्षांच्या पंजाबी शेजारानंतरही त्यांच्या बोलण्यातलं नगर तसूभर हललं नव्हतं. मुलींची शिवण वाकडी गेली की त्या रागवत नसत. "चुकलेलं उसवायला लाजू नये," म्हणत आणि स्वतःच टाके काढायला बसत. हे वाक्य त्या हिंदीतही सांगत, पण 'उसवणं' हा शब्द मराठीच ठेवत. त्या शाळेतल्या निम्म्या पंजाबी मुलींना तेवढं एक मराठी क्रियापद पक्कं येत असे.

दर डिसेंबरात, धुक्यामुळे शाळा उशिरा भरू लागली, की बाईंकडून डबा यायचा. करंज्या, शंकरपाळे, चिवडा. आम्ही नवराबायको चहाबरोबर त्या करंज्या खात हळहळायचो, की बिचाऱ्यांना दिवाळीत सवड होत नसेल म्हणून फराळ इतका उशिरा करतात. गणपतीत त्या आमच्या मंडळात सकाळपासून राबत, मोदकांचं सारण परतत, आणि आरती सुरू झाली की बाहेर जाऊन लोकांच्या चपला जोडीनं लावत उभ्या राहत. चार वर्षं मी हे पाहत होतो. मला ते विनयाचं लक्षण वाटे. कंपनीत मी विश्लेषक आहे.

पाचव्या वर्षी सईनं शाळेतून एक पत्रक आणलं. बुटांचा रिकामा खोका घ्या, त्याला रंगीत कागद लावा, साबण, कंगवा, लोकरी टोपी, रंगपेटी असं काहीबाही भरा. एका संस्थेमार्फत तो वस्तीतल्या मुलांना भेट म्हणून जाईल. सईनं खोका भरायला तीन दिवस घेतले. स्वतःचा लाडका, घोड्याच्या आकाराचा शार्पनर ती आत ठेवी आणि परत काढी. शेवटी ठेवला. आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "किसी को सच में मिलेगा ना, पक्का?" असं तिनं मला दोनदा विचारलं. मी पक्का म्हणालो.

मग वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. आदल्या वर्षी वाटपाच्या वेळी संस्थेनं प्रत्येक खोक्यात स्वतःच्या धर्माची चित्रमय पुस्तिका घातली होती. तिच्या शेवटच्या पानावर एक कार्ड होतं: मुलाचं नाव, घरचा पत्ता, आणि 'मी रविवारच्या वर्गाला येईन' या वाक्याखाली सहीची जागा. शाळेच्या पत्रकात याबद्दल अवाक्षरही नव्हतं. ग्रुप पेटला, आणि मी मुळातच काडेपेटीच्या स्वभावाचा. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकांना दोन पानी पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी बाईंना दाखवायला झिरकपूरला गेलो. सगळे खोके त्यांच्याच हस्तकलेच्या वर्गात रचलेले होते. शिवाय बाई आपल्या.

इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. त्यांनी चहा ठेवला. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून मी ते मराठीत समजावत वाचलं, आणि मराठीत ते आणखीच चढलं. हे लोक आमिष दाखवतात, हे लोक आपल्या पोरांच्या हातून काम साधून घेतात, या लोकांना वेळीच आवरलं पाहिजे. वाचून संपलं आणि मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर लाकडी क्रूस होता. त्याच्याखाली गणवेशातले सुभेदार, आणि फळीवर वाचून वाचून कडा मऊ पडलेलं मराठी बायबल. चार डिसेंबरं आम्ही हळहळत खाल्लेल्या करंज्या नाताळच्या होत्या.

बाईंनी कप माझ्यापुढे ठेवला, पत्र घेतलं, आणि शिवणयंत्राच्या खणातला निळा खडू काढून जिथे जिथे 'हे लोक' होतं तिथे रेघ मारली.

"सईचे बाबा, हे लोक म्हणजे मीच की," त्या म्हणाल्या. "एवढं काढा. बाकी पत्र बरोबर आहे. कार्डाचं तर जरा जोरात लिहा."

मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. मी काहीतरी माफीचं पुटपुटलो, ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच होतं. संस्थेचं पत्र मुख्याध्यापिकांकडे नेलं होतं ते त्यांनीच. त्या दर रविवारी उपासनेला जात, तिथल्याच एका भल्या गृहस्थांनी ते आणून दिलं होतं. पुस्तिका असते हे बाईंना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. कार्ड त्यांनीही आजच पाहिलं होतं. पण चूक कार्डापासून नव्हे, पुस्तिकेपासूनच सुरू झाली, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या लेकरानं भरलेल्या खोक्यात त्याला न सांगता आपण काही घालायचं नसतं.

मग त्यांनी मला बाहुलीची गोष्ट सांगितली. लहानपणी त्या मिशनच्या वसतिगृहात होत्या. एका नाताळात परदेशातून निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या आल्या, त्यातली एक त्यांना मिळाली. बाहुली मिळालेल्या प्रत्येक मुलीनं देणाऱ्यांना पत्र लिहायचं होतं, की मी रोज तुमच्यासाठी आणि या भेटीसाठी प्रार्थना करते. फळ्यावर मजकूर होता, तो उतरवायचा. "प्रार्थना तर मी करतच होते हो, आईच्या मांडीवर शिकलेली. पण ते लिहिलं आणि त्या दिवसापासून डोळे मिटले की बाहुलीच दिसायची. वर्षभर मला देवाशी धड बोलता येईना." ती बाहुली त्यांनी कधी खेळायला घेतली नाही.

मला वाटलं, आता आपण सुटलो. तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, की गणपतीत तुम्ही वस्तीतल्या मुलांना वह्या वाटता, त्या आरतीच्या आधी देता की नंतर? वह्यांचं काम मंडळात माझ्याकडेच होतं. आम्ही नंतर देत होतो. मुलांना रांगेत उभं करून, टाळ्या वाजवायला लावून, म्हणता येत नसलेली आरती ऐकवून, मग. त्यात मुसलमान मुलं होती, शीख होती, बाईंच्या धर्माचीही असतील. मी चहा संपवला आणि घरी येऊन पत्र पुन्हा लिहिलं. ते एका पानात बसलं.

शाळेत बैठक झाली. वाद नको म्हणून मुख्याध्यापिका सगळंच रद्द करायला निघाल्या होत्या आणि पालकांनाही ते सोयीचं होतं. त्या गृहस्थांनाही बोलावलं होतं. बाई शेवटी उभ्या राहिल्या. खोके जातील, म्हणाल्या, कारण वस्तीतल्या पोरांना ते सांगून झालं आहे आणि थंडी काही आपल्या भांडणासाठी थांबत नाही. पण आत फक्त मुलांनी घातलेलं असेल, आणि ते शाळा स्वतः नेऊन देईल. गृहस्थ दुखावले. बहनजी, आप तो अपने घर की हैं, असं ते म्हणाले. बाई त्यांना हिंदीत म्हणाल्या, "घर की हूँ, इसीलिए कह रही हूँ. जिसको आना होगा, वो डिब्बे के बिना आएगा."

हे वाक्य त्यांना किती महाग पडणार होतं, हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि त्या गृहस्थांना ठाऊक होतं. सुभेदार गेल्यावर या शहरात बाईंचं घर म्हणजे ती रविवारची माणसं. तेच गृहस्थ दर रविवारी आपल्या गाडीतून त्यांना न्यायचे, आजारपणात त्यांचीच बायको उशाशी बसायची. पुढच्या रविवारपासून गाडी आली नाही. उपासनेनंतरच्या चहात त्यांच्याभोवती मोकळी जागा राहू लागली. बाई रिक्षानं जात राहिल्या. एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. त्याबद्दल मी हळहळ दाखवली तर म्हणाल्या, शिवण मीच घातली होती, उसवताना सुई मलाच टोचणार.

वाटपाला मी कॅमेरा घेऊन गेलो होतो. बाईंनी वस्तीतल्या शाळेच्या एका खोलीत सतरंजीवर खोके मांडले, मुलांना आत सोडलं, आणि आम्हा सगळ्या मोठ्यांना व्हरांड्यात काढून दार लोटलं. नाव नाही, भाषण नाही, फोटो नाही. आतून आधी कागद फाटल्याचे आवाज आले, मग एकदम कालवा झाला. घोड्याचा शार्पनर कुणाला मिळाला ते पाहावं म्हणून मी दाराच्या फटीशी गेलो, तर बाईंनी माझी बाही धरून मागे ओढलं. त्या स्वतः भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या.

आमच्या मंडळात वह्या आता गणपतीच्या पंधरा दिवस आधीच वाटतात. त्यासाठी मला चार माणसांशी वैर घ्यावं लागलं, आणि त्यातली दोन अजून बोलत नाहीत. बाईंना काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि बाई नगरला धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. त्या रविवारच्या माणसांपैकी एकजण आलं होतं, त्याच गृहस्थांची बायको. ती नुसती बाईंचा हात धरून उभी राहिली. बाईंनी तिला तो धरू दिला. मला बाईंना खूप काही सांगायचं होतं. तुमच्यासारखी दुसरी मोठी बहीण मला या शहरात मिळणार नाही, एवढं तरी. मी बोलायला गेलो आणि त्यांची बॅगच बाकाखाली नीट सरकवत बसलो.

सईच्या हातात रंगीत कागद लावलेला बुटांचा खोका होता. तिनं तो डब्यात बाईंच्या शेजारी बाकावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि लगेच माझी बाही ओढली.

"चलो बाबा. रुकना नहीं है."

गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. आम्ही उतरलो आणि मागे न बघता पुलाच्या जिन्याकडे चालू लागलो. मला ते फार जड गेलं. खोक्यात तिनं काय घातलं होतं, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.