पिवळी पेंड

सोलापुरातल्या ज्या कॉलेजात मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत राबले, तिथंच कायमच्या जागेची मुलाखत होती. ही संधी गेली की वय निघून जाणार, हे मला माहीत होतं आणि आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही. म्हणून तर ते बार्शीहून पहिल्या एसटीनं आले आणि खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. उकाडा होता, त्यामुळं दार सताड उघडं.

विषयतज्ज्ञ बाहेरगावाहून मागवलेले. कसले तज्ज्ञ, डोंबलाचे. माझा अर्ज त्यांनी वारा घ्यायला हातात धरला होता.

"युरेनियम शुद्ध कसं करतात, सांगा."

सांगितलं. खनिज दळून आम्लात विरघळवायचं. मग त्या द्रावणाचा आंबटपणा बेताबेतानं कमी करत न्यायचा. आधी लोखंड खाली बसतं, ते गाळून टाकायचं. नंतर अमोनियानं युरेनियमचा पिवळा साका बसतो. साहेबांची मान हलत होती, नजर मात्र बिस्किटांच्या बशीवर.

"त्याला यलो केक का म्हणतात?"

"केक म्हणजे पेंड, सर. साका गाळताना फडक्यावर दाबून उरते ती. करडईची पेंड असते, तशी ही पिवळी पेंड."

तज्ज्ञ खो खो हसले. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना युरेनियम आणि युरिया यांतला फरक विचारला असता तर घाम फुटला असता, तेही हसले.

"पेंड म्हशीला घालतात हो मॅडम. हे भट्टीत भाजतात, म्हणून केक. बेकरीत जाऊन बघा जरा."

इतकं ठार चुकीचं इतक्या तोऱ्यात सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दीडशहाणा मेला. आणि माझी भाकरी याच्या हातात.

"हे पेंडीचं ज्ञान कुणी दिलं तुम्हाला?"

दाराबाहेर बसलेल्या माणसानं दिलं होतं. जन्मभर तेलगिरणीत फडक्यावरची पेंड खरवडणाऱ्यानं. अकरावीत गाळण्याचा धडा डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनीच मला गिरणीत नेऊन दाखवलं होतं.

मी हसले. त्या गाढवांच्या हसण्यात हसणं मिसळलं आणि म्हणाले, "गावाकडचा एक माणूस आहे सर. त्याचं ऐकून आलं तोंडात."

जागा पुढं दुसऱ्यालाच दिली. बोलावतानाच ठरलेली असणार, मेल्यांची. त्याची चीड मी कधीच थुंकून टाकली.

पण त्या दिवशी स्टँडवर बार्शीच्या गाडीची वाट बघत होतो. आण्णा म्हणाले, "तू बरोबर सांगितलंस की. फडक्यावर ऱ्हाती ती पेंडच."

"व्हय."

"आन् त्यो गावाकडचा माणूस कोण गं? आपल्या गिरणीतला हाय का?"

ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, "व्हय, गिरणीतलाच."

मग त्यांनी नाव विचारलं.