हवेत आवळलेला बोल्ट

आवाज गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी येत होता आणि गॅरेजवाल्यानं दोष काढला माझ्या चालवण्यात. तोही माझ्याकडं न बघता, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं बघून. माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही.

मी उमरीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. राहते नांदेडला. रोज मुदखेडवरून जाणं-येणं, म्हणून एक जुनी गाडी घेतली, चौदा वर्षं चाललेली. इंजिन ठणठणीत होतं. पण मागच्या उन्हाळ्यात ती कुरकुरायला लागली. ब्रेकर आला, खड्डा आला, की जुन्या बाजेवर जाड माणसानं कूस बदलावी तसा आवाज. दवाखान्याचा वॉचमन तर मान वर न करताच गेट उघडायचा.

गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, "शॉकअप गेलेत." शॉकअप बदलले. आवाज तसाच. परत गेले तर म्हणाला, "मग खालच्या आर्मचे बुश असतील." बुश म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मच्या टोकाला असतो तो रबराचा गोल तुकडा. तेही बदलले. पंधरा दिवस शांततेत गेले आणि मग आवाज आला तो पहिल्यापेक्षा मोठा.

तिसऱ्या खेपेला मी नवऱ्याला सोबत नेलं. ही माझी चूक. वाटलं, पुरुषमाणूस असला की नीट बोलतील. गॅरेजवाला बोललाही नीट, पण त्याच्याशीच.

"साहेब, गाडीत काही न्हाई. मॅडम ब्रेकरवरून गाडी उडवत असतील. लेडीज ड्रायव्हिंग हाय, थोडं चालायचंच."

नवरा हसला. "हाव, जरा जोरातच नेते ती."

मी किल्ली घेतली आणि गाडी काढली.  त्या परक्या माणसाचा राग एका जागी आणि या हसण्याचा वेगळाच. रक्ताचा नमुना न घेता कुणी माझ्यासमोर मलेरिया म्हणून शिक्का मारला असता, तर मी त्याला लॅबमधून बाहेर काढलं असतं. इथं दोनदा गोळ्या बदलल्या होत्या आणि तिसऱ्यांदा रोग्यालाच खोटं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी मी जुना ड्रेस घातला. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं वळवलं, म्हणजे चाकामागची सगळी जोडणी उघडी पडते. कुरकुरणारं रबर भिजलं की आवाज थांबतो, म्हणून पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणानं भोक पाडून पिचकारी केली. पोतं अंथरून चाकाशेजारी बसले. गाडी दाबायला कुणीतरी हवं होतं. नवरा पेपर वाचत होता. मी त्याला बोलावलं नाही. सासूबाई बाहेर आल्या.

"काय करायलीस ग?"

"अत्याबाई, ह्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून दाबा आणि सोडा."

त्यांनी पदर खोचला आणि दाबलं. कुईं. स्प्रिंगच्या वरच्या टोकावर पाणी मारलं. कुईं. मधल्या दांड्याच्या रबरावर मारलं. तरी कुईं. मग आर्मच्या मागच्या बुशवर पिचकारी सोडली आणि आवाज बंद झाला.

"थांबलं की," त्या म्हणाल्या.

मला विश्वास बसेना. तो बुश नवा होता, जेमतेम दोन महिन्यांचा. रबर वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. परत दाबलं, आवाज परत आला. पाणी मारलं, गेला. असं तीनदा केलं. अत्याबाईंना घाम फुटला होता, पण त्या हटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना मुदखेडला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं थांबले. दवाखान्यातल्या ड्रायव्हरनं त्यांचा पत्ता दिला होता. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी पाण्याचं सांगितलं तसं त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, आणि आर्म खोलला. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीपासून फाटलं होतं.

"कुणी बसवला हा?"

"नांदेडला."

"हवेत आवळलाय, बेटी. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, तसाच बोल्ट टाइट केलाय. मग गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं. किती दिवस टिकंल?"

त्यांनी दुसरा बुश प्रेस मशीनवर दाबून बसवला, आर्म लावून बोल्ट नुसता हातानं फिरवला, मग गाडी जमिनीत खणलेल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली. चारी चाकं जमिनीवर टेकली, तेव्हा खड्ड्यात उतरून बोल्ट आवळला. "एवढंच काम हाय," म्हणाले.

एवढंच. त्या एवढ्याशा कामासाठी मी उन्हाळाभर ऐकून घेतलं होतं.

फाटलेला बुश लॅबमधल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी शनिवारी एकटीच त्या गॅरेजवर गेले. गॅरेजवाल्यानं माझ्या मागं बघितलं.

"साहेब आले न्हाईत?"

"गाडी माझी आहे. माझ्याशी बोला." पिशवी टेबलावर ठेवली. बोल्ट कसा आवळला आणि त्यानं काय झालं, ते सांगितलं. तिथं तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बुशचे पैसे वापस देतो, मॅडम. बसा, चहा घ्या."

"पैसे नकोत. चूक माझ्या चालवण्याची नव्हती, एवढं म्हणा."

तो पिशवीकडं बघत राहिला. म्हणाला नाही. मी उभीच राहिले, तो मोबाईल काढून कुणाला तरी फोन लावायला लागला, तरी उभी राहिले. शेवटी निघाले. क्लच घाईत सोडला आणि गेटातच गाडी बंद पडली.

घरी नवरा म्हणाला, "कशाला तमाशा करायचा?"  उत्तर अत्याबाईंनी दिलं. "तू हसलास म्हणून जावं लागलं तिला." मग आठवडाभर नवरा आणि मी कामापुरतंच बोललो.

त्यानंतरच्या सोमवारी त्याला मुदखेडला काम होतं. एस.टी.नं जाता आलं असतं, पण येऊन माझ्या शेजारी बसला. पाच ब्रेकर गेले.

"आवाज येईना गं."

"हो."

आणखी दोन गेले. "मी तिथं तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," मी म्हणाले. राग गेला नव्हता, आणि तो गेला असं मी दाखवलंही नाही.

उतरताना दार धरून तो म्हणाला, "मला शिकवशील का चालवायला?"

मी म्हणाले, आधी लर्निंग लायसन काढ. अजून काढलेलं नाही.