उंदीरमामाचा कान

समोर माईक असो वा नसो, आप्पा बोलायच्या आधी नखानं टकटक करायचे. ताटावर, खाटेच्या माच्यावर, एकदा तर तलाठ्याच्या टेबलावर. मग घसा खाकरून विचारायचे, "मागच्यांस्नी ऐकू येतंय ना?" मागं बहुतेक वेळा एक शेळी असायची.

कासुर्डीत मंडपाचा आणि स्पीकरचा धंदा त्यांचाच. आप्पांनी कर्णे चढवले की आवाज कुठवर जायचा, हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही बाई फेकते. पण आमच्या गावातल्या मंगलाष्टका ऐकून भांडगावच्या माणसांनी आपापल्या अंगणात अक्षता टाकलेल्या आहेत. टाकल्या त्या टाकल्या, वर जेवायलाही आले.

गणपतीत मात्र आप्पा तोच आवाज उलट्या बाजूनं ओढायचे, हे आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं.

मंडपात गणपतीपेक्षा मोठा दिसायचा तो उंदीर. चांगला वासराएवढा. तो आला की गावातली मांजरं विसर्जनापर्यंत पाहुणी जायची. उंदराच्या कानात इच्छा सांगायची आणि तो ती बाप्पाला सांगणार, ही रीत तुमच्याकडंही असेल. पण तुमचा उंदीर नुसताच बसलेला. आमचा मान हलवायचा. मग दोन दिवसांत कुणाला रंगपेटी मिळायची, कुणाला बॅट. एकानं कुत्रं मागितलं, तर त्याच्या दारात पिल्लू हजर. दुसऱ्यानं हत्ती मागितला. त्याला रबराचा मिळाला, पण मिळाला.

"उंदीरमामा कुणाला सांगत न्हाई," आप्पा आम्हाला बजावायचे. "त्याच्या पोटात गेलं की थेट बाप्पाच्या पोटात. मधी टेसन न्हाई."

माझी आई मी पहिलीत असतानाच गेली. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी. आबांची भाकरी एका बाजूनं जळायची आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. आम्ही मधलं खायचो. मी चौथीत गेले त्या वर्षी आत्यानं त्यांच्यासाठी पाटसचं एक स्थळ आणलं. आबा मला काही बोलले नाहीत, पण त्यांनी नवा शर्ट शिवला. तो शर्ट बघून मी ओळखलं आणि कोपऱ्यात जाऊन रडत बसले.

आबा दारात येऊन उभे राहिले. "मला सांगाया नको वाटत आसंल तर उंदीरमामाला सांग," एवढंच म्हणाले.

मी गेले. त्याच्यासमोरच्या फळीवर चढले, कानाला तोंड लावलं आणि म्हणाले, "नवी आई नको."

उंदरानं मान हलवली.

आणि मग त्याच संध्याकाळी ती पाटसची बाई आत्याबरोबर आरतीला आली. मी तिच्याकडं बघणारच नव्हते. पण माझी रिबिन सुटली होती, ती तिला दिसली. माझी वेणी आबा घालायचे, बैलाच्या कासऱ्याला पीळ द्यावा तशी. डोळे पार कपाळाला जायचे. शाळेत बाईंना वाटायचं, ही पोरगी सदा नवल करत बसते. या बाईनं मला पुढ्यात बसवलं आणि वेणी कधी घालून झाली ते कळलंच नाही. वर विचारलं, "दुखलं का गं?" असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

विसर्जनाच्या सकाळी मी धावत मंडपात गेले. कानात म्हणाले, "ते आधीचं राहू दे. येऊ दे तिला."

उंदरानं मान हलवली. मी निवांत घरी आले आणि आईची फणी धुऊन ठेवली. तिला लागेल म्हणून.

ती आलीच नाही. आत्या आबांशी भांडून गेली. पुढं कुणी स्थळाचं नाव काढलं की आबा उठून मळ्यात जायचे. मला वाटलं, बाप्पानं माझं एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकायचं काही कारण त्याला दिसलं नाही. मी त्याच्यावर रुसले. इतकी, की मोदक खाताना त्याच्याकडं पाठ करून बसायचे.

यंदा लेकीला घेऊन मी दौंडहून कासुर्डीला गेले. कर्ण्यांच्या शेजारी जन्म गेल्यामुळं आप्पांचे कान गेले होते, पण मंडप त्यांचाच आणि उंदीरही तोच. लेक फळीवरून उतरली, तशी आप्पांनी मला हातानं पडद्यामागं बोलावलं. तिथं स्टूल, स्टुलावर हेडफोन, आणि त्याची वायर उंदराच्या पोटातून थेट कानात.

"पोरीनं सायकल मागितलीया," आप्पा खुशीत म्हणाले. "आवाज पार शेवटापर्यंत चढवला की उमगतं आजून. आता तू आई झालीस म्हणून हितं घेतली. आईबापांस्नीच घेतो मी."

मी वायरीकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, मी कौतुक करतेय.

"तुझ्या वेळचं तर मी इसरलोच न्हाई. ऐकलं आन् तडक तुझ्या बाला सांगितलं. त्यो म्हणला, पोरीला नको तर मलाबी नको. ती आरतीला येऊन गेली, आन् दुसऱ्या दिशी सकाळीच त्यानं न्हाई म्हणून निरोप धाडला पाटसला."

"आन् दुसऱ्यांदा मी आले ते?" मी मोठ्यानं विचारलं.

"दुसऱ्यांदा कवा?"

"विसर्जनाच्या सकाळी."

"त्या दिशी माईक काढल्याला. मी ट्रॅक्टरवर कर्णे बांधत व्हतो."

"मग मान कशी हलली?"

"ती व्हय? फळीखाली बटण हाय. शेळी चढली तरी हलती."

पोरांना असल्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगाव्यात का, यावर आपण सगळेच हसत हसत वाद घालतो. रंगपेटीपुरतं खुशाल सांगा. पण मी देवाकडं मागितलं होतं. देवाकडं माणूस वाटेल ते मागतं, कारण चौथीतल्या पोरीचं किती मनावर घ्यायचं ते त्याला कळतं, असा आपला भरवसा असतो. माझं मागणं गेलं दोन बाप्यांकडं. त्यांनी ते हुकूम म्हणून पाळलं. आणि मी हुकूम मागं घेतला तेव्हा ऐकायला तिथं कुणीच नव्हतं.

आम्ही पडद्याबाहेर आलो. मंडपासमोरच आमचं घर. ओट्यावर आबा मेथीच्या जुड्या बांधत बसले होते.

"काय म्हणाली व्हतीस दुसऱ्यांदा?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांच्या कानाला तोंड लावून, अख्ख्या आळीला जाईल अशा आवाजात ओरडले, "येऊ दे तिला, म्हणाले होते."

आबांचा हात जुडीवरच थांबला. ते माझ्याकडं नाही, आप्पांकडं बघत होते. आप्पा रस्ता ओलांडून गेले, चपला काढून ओट्यावर चढले आणि त्यांच्याशेजारी बसले. आबांनी मेथीचा ढीग थोडा त्यांच्याकडं सरकवला. दोघं खाली मान घालून जुड्या बांधायला लागले. दोघांतलं कुणीतरी मला काही म्हणेल म्हणून मी तिथंच उभी राहिले.

मंडपात लेक पुन्हा फळीवर चढली होती. उंदीर मान हलवत होता. मी जाऊन तिला उचलून खाली घेतलं.

"अजून सांगायचं होतं," ती म्हणाली.

"मला सांग."

तिनं एकदा उंदराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"तुला नाही," ती म्हणाली.