फर्निचरसारखं बसण्याचे दिवस

कंडक्टरने घंटी मारली तेव्हा बाबा एस.टी.च्या खिडकीखाली उभे होते आणि मी ट्रंक सीटखाली ढकलत होते. ट्रंक जात नव्हती. गाडी हलल्यावर बाबा घाईघाईने बोलले, "वरीसभर बघ. जमला तर रव. नाय तर फुडच्या गणपतीक ये, मगे परत जावचा नाय."

कुडाळजवळच्या आमच्या गावातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी. बाबांनी जी मुदत दिली, तीच खूप होती. तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना वाटतं, आम्ही सुटलो. जे माझ्यासारखे निघाले त्यांना ठाऊक आहे, पहिलं वर्ष माणूस सुटलेला नसतो, टांगलेला असतो.

उतरले डोंबिवलीला, मामाकडे. पहिल्याच जेवणाला मी "माका भात नको" म्हटलं. मामीचा हात भातावरच थांबला. "इथे असं बोलायचं नाही हं. लोक हसतात. आणि तू तर भाषाच शिकायला आलीस ना?" मामी वाईट नव्हती, पोटभर वाढून मग टोमणा मारायची. मी पंधरवड्यात बोलणं बदललं. दुःखबिःख झालं नाही. शहरात रस्ता डावीउजवीकडे बघून ओलांडतात, तसंच हे, असं धरून चालले.

विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागात मुलं बोलायला कशी शिकतात यावर काम चालायचं. आमची लॅब म्हणजे एक खोली, कपाटभर कॅसेट, दोन टेपरेकॉर्डर आणि आम्ही विद्यार्थी. प्रत्येकाला एक मूल नेमून दिलेलं. दर शनिवारी त्याच्या घरी जायचं, टेप लावायची आणि मूल काय बोलतं ते भरून आणायचं. आमच्या देवधरबाईंचा नियम कडक होता. "आपण घरात फर्निचरसारखं बसायचं. मुलाला शिकवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. बोलावंच लागलं तर स्वच्छ प्रमाण मराठीत, सगळ्या घरांत सारखं." वर्षाच्या शेवटी ज्याचं काम उभं राहील त्याला बाई पुढे ठेवून घेणार होत्या, हॉस्टेलसकट. म्हणजे शहर. नाहीतर गणपती.

मला मिळाली कोलशेतची मंदा, अडीच वर्षांची. खाडीकाठच्या कोळीवाड्यात घर. बाप होडीवर, आई यमुनाबाई माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. मी गेले की ती हातातलं काम टाकून, पदर सारखा करून बसायची आणि लेकीला विचारायची, "बाळ, तुला दूध हवे आहे का? बाळ, हे काय आहे?" मंदा आईच्या तोंडाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग अंगठा तोंडात. टेपवर नुसता कोंबड्यांचा आवाज. महिन्यामागून महिने तेच.

लॅबमध्ये दर सोमवारी सगळ्यांच्या टेपा ऐकल्या जायच्या. माझ्याबरोबरच्या संजयचं डोंबिवलीतलं मूल चुरुचुरु बोलायचं. माझी टेप लागली की लोक खुर्च्या सरकवायला लागायचे. एका सोमवारी बाई म्हणाल्या, "हे मूल उशिरा बोलणारं दिसतंय. अजून दोन टेपा बघू, नाहीतर हे घर सोडून देऊ. तुझं काम मात्र उभं राहणार नाही, हे लक्षात घे."

पुढच्या शनिवारी कोलशेतहून निघाले आणि वाटेत कळलं, माइकची वायर तिथेच राहिली. परत फिरले. घराच्या कुडापाशी पोचते तोच आतून आवाज. "इकरं ये मंदे! कला पानी सांडतंस गो?" पाणी कशाला सांडतेस, या आईच्या प्रश्नावर एक बारीक, खणखणीत आवाज. न थांबता, न अडखळता, आईशी भांडणारा. मी दारात दिसले आणि दोघी एकदम गप्प. यमुनाबाई उभी राहिली. "या ताई, बसा. बाळ, ताईंना नमस्कार कर."

मंदाने अंगठा तोंडात घातला.

मूल मुकं नव्हतं. माझ्यासमोर त्याची आईच अनोळखी बाई होऊन बसत होती, आणि तिला तसं बसवलं होतं आमच्या त्या स्वच्छ मराठीने.

संजयला सांगितलं तर म्हणाला, "अगं सोप्पंय. टेप चालू ठेवायची, सेल आणते सांगून कल्टी मारायची. मागे बोलतीलच दोघी."

"भेटीच्या शेवटी टेपचा तुकडा ऐकवायचा असतो ना घरच्यांना? त्यांना कळेल."

"दुसराच ऐकव. कोणाला कळतंय?"

आठवडाभर हे डोक्यात होतं. खोटं बोलायला जीभ वळली असती, नाही असं नाही. पण भेटीच्या शेवटी यमुनाबाई टेपपाशी कान नेऊन लेकीचा आवाज शोधायची, आणि काही नाही सापडलं की माझ्याकडे बघायची. तिला चोरून भरायचं, हे मला जमणार नव्हतं.

शनिवारी टेप लावली. तिने बांगडे साफ करून ठेवले होते, आणि मी आले म्हणून ताटली झाकत होती.  बाईंचा नियम मोडला तर टेप बाद, आणि पाळला तरी बादच.

"गो बाय," मी म्हटलं, "आमच्याकडे बांगड्याक तिरफळां घालतत. तू घालणस नाय?"

वर्षभर हे बोलणं माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. माझाच आवाज मला मोठा वाटला.

 यमुनाबाईने ताटलीवरचं झाकण काढलं. "आगो! मंग येवरे दिस कला ताईगिरी करीत होतीस? मना वाटला, पुस्तकातली बाय आयली!" आणि ती अशी हसली की मंदा उठून आली आणि विचारायला लागली, आई का हसते, बाई कोण, मासा कोणाचा, मना दे. कॅसेट संपली तरी ती थांबली नव्हती.

सोमवारी टेप लागली. खोलीभर माझं मालवणी. मागे कोणीतरी फिसकन हसलं. देवधरबाईंनी टेप थांबवली. "हे कोण बोलतंय?"

"मी."

त्यांनी टेप मागे घेतली, पुन्हा लावली, मंदाचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मी टेबलाची कड धरून बसले होते. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "ही टेप धरता येणार नाही. तुझाच आवाज जास्त आहे."

मी मान हलवली. मनात ट्रंक भरायला घेतली.

"शनिवारी परत जा. असंच बोल, पण कमी. आणि पुढच्या वर्षीपासून मुलं वाटण्याआधी मी तुम्हाला विचारणार आहे, घरी काय बोलता ते."

त्या गणपतीत मी गावी गेले आणि हॉस्टेलवर परत आले. बाबांनी ट्रंक स्वतः सीटखाली घातली. 

आता कळव्याला माझा फ्लॅट आहे. दाराला बेल आहे, आणि ती वाजली की मी आधी "कोण?" विचारते. गावच्या घरी मला बेल लागत नाही, अंगणाच्या दगडी गडग्यापाशी दिसले की आत वर्दी जाते. तसं बेल न लागणारं दुसरं दार एकच, यमुनाबाईचं. कोलशेतला आता बिल्डिंगा झाल्या, मंदाला स्वतःची मुलगी झाली. दर मे महिन्यात मी गावाहून तिरफळं आणते आणि तिथे पोचवते. मला जिन्यात बघून मंदा आत ओरडते, "आये, तिरफलावाली आयली!"

यमुनाबाई पुडी घेते, हुंगते, नाक मुरडते आणि बरणीत भरून ठेवते. कालवणात तिने ती आजवर घातलेली नाहीत. तरी पुढच्या वर्षी न्यायचीच असतात.