काका आणि पडद्याची कड

माझ्या मावशीचे यजमान एखाद्या यंत्रासमोर बसले की ते यंत्र आपणहून खरं बोलायला लागतं, यावर माझी श्रद्धा आहे. जव्हारच्या एसटी डेपोत काकांनी उभी हयात इंजिनं ऐकण्यात घालवली. घाट चढून आलेली गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच ते चहाचा कप खाली ठेवून तिचं दुखणं सांगायचे. निवृत्तीनंतर ऐकायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. मावशीचा मिक्सर त्यांनी दोन दिवस उघडून ठेवला होता. काय बिघडलंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, बिघडलं काहीच नाही, इतका चांगला का चालतो ते बघतोय. मावशीने दोन दिवस पाट्यावर चटणी वाटली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवलं.

त्यांचं काम म्हणजे एक व्रतच. आधी हात धुवायचे, घड्याळ काढून खिशात ठेवायचं, आजूबाजूच्यांना गप्प बसवायचं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सगळं पहिल्यापासून सुरू करून बघायचं आणि काय झालं ते वहीत लिहायचं. घाईघाईत दोन गोष्टी बदलणाऱ्याला त्यांच्याकडे माफी नाही. "दोन औषधं एकदम दिली, तर गुण कशाचा आला ते कसं कळंल?" असं ते विचारतात, आणि उत्तराची वाट बघत नाहीत.

मी वांगणीच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत मास्तर आहे. दिवाळी झाली की इथली घरं वीटभट्ट्यांवर निघतात. पोरंही आईबापांबरोबर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात ती निम्मी अक्षरं विसरून. गेल्या वर्षी मी सगळ्या पोरांना शाळेपुढे एका ओळीत उभं करून वाचताना मोबाईलवर टिपलं. भट्टीवर नेणारा ट्रक यायच्या आदल्या दुपारी आईबापांना बोलावून ते दाखवायचं, म्हणजे एखादं तरी पोर मागे राहील, एवढीच आशा होती. शाळेत टीव्ही होता आणि कोणीतरी दान दिलेला, एकाच हिरव्या पट्टीवर सगळं बसवलेला, पंजात मावणारा कॉम्प्युटर. पण व्हिडिओ लावला की जरा वेळ चालायचा आणि प्लेयर आपोआप बंद पडायचा. मी रडकुंडीला येऊन काकांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने काका आले आणि गाडी थांबते तिथून पुढे चालत पाड्यावर पोचले. त्यांनी पालथा हात त्या पट्टीवर धरला. "तापत नाय. उपाशी हाय," म्हणाले. बंद पडण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात विजेची एक बारीक खूण यायची. मला ती नक्षी वाटली होती. वीज पुरत नाही, असं ते बिचारं सांगत होतं. मी त्याला माझ्या जुन्या मोबाईलचा चार्जर लावला होता. काकांनी पिशवीतून दमदार चार्जर काढला. प्लेयर जास्त वेळ चालला आणि परत पडला. काकांनी शांतपणे वहीत लिहिलं. मग एकेक इंग्रजी अक्षर लावत त्यांनी डिस्प्लेची सेटिंगं वाचून काढली, एवढ्याशा बैलाला केवढा नांगर जुंपलास म्हणून मला झापलं आणि चित्राची बारकाई कमी केली. या खेपेला व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दुपारी आईबाप जमले. आपापलं पोर दिसलं की हसत होते, एकमेकांना ढोसत होते. एक बाई मात्र बोचकं काखेत धरून दाराशीच उभी होती. सगळं संपल्यावर तिने हळूच विचारलं, "माझी पोर नाय यात?"

होती. तिची मुलगी इतकी लाजरी, की ओळीच्या अगदी टोकाला उभी राहिली होती, आणि आमचा टीव्ही चित्राच्या कडा खात होता. पोरीचं फक्त कोपर दिसत होतं. मी बाईला सांगितलं, आहे ती, थोडं कापलं गेलंय एवढंच. बाईने मान हलवली. आपल्या बाबतीत असंच व्हायचं, अशी ती मान होती. काकांकडे वळून मी म्हटलं, चालेल एवढं.

काका माझ्यावर कधी रागावले नव्हते. तेव्हा रागावले. "मास्तर, ती काय कोपर बघाया आली?"

मग सगळे थांबले. काका सेटिंगमधला चित्राच्या कडेचा एक आकडा बदलत, मशीन बंद करून पुन्हा सुरू करत, व्हिडिओ लावून बघत आणि वहीत लिहीत. दर खेपेला चित्र बोटभर आत सरकायचं. आधी खांदा आला, मग वेणी, आणि मग तेल लावून चापून भांग पाडलेली अख्खी पोर, पुस्तक नाकाशी धरून वाचत असलेली. तिचा आवाज तर पहिल्यापासून येत होता, पण कोणाचा ते कोणाला कळलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

बाईने बोचकं खाली ठेवलं. "परत लावा," म्हणाली. काकांनी परत लावलं, आणि ती म्हणेल तितक्यांदा लावत राहिले.

सकाळी ट्रक गेला. ती पोर मात्र मागे राहिली, मामाच्या घरून शाळेत आली. मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तिला आता मधी उभी कर."

मी खूपदा सांगून बघितलं. ती ऐकत नाही, आपणहून टोकालाच जाते. मी मात्र आता फोटो काढताना आधी टोकाकडे बघतो.