आमच्या सोसायटीची जाणती जीप

आमच्या दूध सोसायटीतले जुने लोक लग्नात-बारशात भेटले की दुधावर कुणी बोलत नाही. फॅट किती लागायची, मीटिंगला कोण भांडायचं, सगळं विसरलंय. चहाचा पहिला घोट पोटात गेला की कुणीतरी म्हणतं, "ती जीप आठवती का रं?" झालं! मग पंगती उठल्या तरी आम्ही मांडव सोडत नाही. एक किस्सा बाहेर काढावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. पोरं म्हणतात, तुम्ही वाढवून सांगता. अरे, वाढवायची कधी गरजच पडली नाही, गाडीच तशी होती!

तेव्हा मी सोसायटीचा सचिव होतो. गाव भूमपासून आत, रस्ता निव्वळ खडीचा. दुधाचे कॅन बैलगाडीतून फाट्यावर न्यायचे आणि तिथून एसटीच्या टपावर चढवायचे. एसटी वेळेवर आली तर भूमच्या शीतकेंद्रावर दूध पोचायचं, उशिरा आली तर दही! केंद्राच्या साहेबांनी शेवटचा निरोप धाडला, "आता पुन्हा नासकं दूध आलं तर तुमच्या गावाचं दूध बंद."

बहात्तरचा दुष्काळ आमच्या अंगात मुरलेला होता आणि आता परत पावसानं पाठ फिरवली होती. ज्वारी गेलीच होती. घराघरात चूल पेटत होती ती दुधावर. दूध बंद झालं असतं तर म्हशी दावणीवरून सुटून थेट बाजारात गेल्या असत्या. गाडी घ्यायचा विचार निघाला तो असा, हौस म्हणून नाही.

* * *

सोसायटीच्या पत्र्याखाली मीटिंग बसली. चेअरमन होते रंगनाथ आबा. आबांनी उभ्या जन्मात बैलांशिवाय चालणारी एकही वस्तू विकत घेतली नव्हती. उस्मानाबादच्या एका ठेकेदाराची जुनी जीप विकायला निघालीय, अशी खबर त्यांनी आणली होती.

मी उठून शिकल्यासवरल्यासारखं बोललो, "जुनी गाडी म्हणजे कटकट. पेट्रोल जास्त पिणार, टायर गुळगुळीत, कधी कुठं बसेल नेम नाही. आपण नव्या गाडीसाठी अर्ज करू."

"कवा मिळंल नवी?" आबांनी विचारलं.

"नंबर लागेल तेव्हा."

"तवर म्हशीस्नी काय सांगू? दम धरा म्हणून?"

आमच्या बुद्धवाड्यातला भीमराव कोपऱ्यात बसला होता. मिलिटरीत ड्रायव्हरकी करून सुटून आलेला, जीप त्यालाच चालवायची होती. तो म्हणाला, "सचिवसाहेब, जे मोडायचं ते पहिल्या मालकाकडंच मोडून झालंय. आता मोडाय ऱ्हायलंय काय?" ही बाजू जुन्या गाडीच्या फायद्याची धरायची की तोट्याची, यावरच तासभर वाद झाला!

शेवटी पारूबाई बोलल्या. संचालकांत त्या एकट्याच बाई. नवरा गेलेला, कोरडवाहू तुकडा आणि एक म्हैस एवढाच प्रपंच. मीटिंगला यायच्या, चहा प्यायच्या आणि काही न बोलता जायच्या. त्या दिवशी पदर सावरून म्हणाल्या, "न येलेली वगार आणली तर दूध कवा मिळंल ते द्येवाला ठावं. जाणती म्हस आणली तर सांजच्यालाच चरवी भरती. शिंगं वाकडी का असंनात!"

ठराव एकमतानं पास झाला. माझंही मत त्यात होतं.

* * *

जीप बघायला आबा, भीमराव आणि मी उस्मानाबादला गेलो. भीमराव बॉनेट उघडून आत डोकं घालणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब. आधी मी बघतो."

आबांनी जीपला एक फेरी मारली. पाठीवर थाप मारली. मागं जाऊन खाली वाकून बघितलं. पुढच्या जाळीत बोटं घालून दात बघावेत तसं आत डोकावले. मग ठेकेदाराला म्हणाले, "मोकळी पळवू नका. मोकळं कुठलंबी जनावर पळतंय. वज्जं घालून दाखवा." ठेकेदारानं आपले सगळे गडी जीपमध्ये कोंबले आणि चढावरनं फिरवून आणलं.

आता सौदा. आमच्या बैलबाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आबांनी खांद्यावरचं उपरणं ठेकेदाराच्या हातावर टाकलं आणि आत बोटं दाबायला सुरुवात केली. ठेकेदार पडला परमुलखातला, त्याला ही रीत कुठून ठाऊक! त्याला वाटलं, म्हातारा प्रेमात आलाय. तो हसला. आबांना वाटलं, ह्याला आकडा कमी वाटतोय म्हणून हसतोय. त्यांनी आणखी जोरात दाबलं. आबांचा हात नांगर धरणारा! ठेकेदाराच्या कपाळावर घाम आला.

"आबा, आधी हात सोडा!" तो ओरडला. "मग तुमच्या मनाला येईल ते द्या!"

परतीच्या वाटेवर आबा मला म्हणाले, "माणूस दिलदार हाय. लई ताणलं न्हाय त्यानं."

* * *

जीप गावात आली, पूजा झाली, दूध वेळेवर पोचायला लागलं. पहिलाच रविवार उजाडला आणि आबांनी भीमरावला फर्मावलं, "उद्या गाडी काढायची न्हाय."

"का आबा?"

"उद्या सोमवार. सोमवारी आपण बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाय. महादेवाचा वार हाय. जीपला तरी का जुपायची?"

भीमरावनं मिलिटरीत बरीच फर्मानं ऐकली होती, पण असलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "चालंल की. फकस्त तुमी गावात सगळ्या म्हशीस्नी सांगून या, सोमवारी दूध देऊ नका म्हणावं."

आबांनी मिशीला पीळ दिला.  चेअरमन असले तरी माणूस हट्टी नव्हता. शेवटी म्हणाले, "बरं, काढ गाडी. पर सोमवारी हॉर्न वाजवायचा न्हाय. तेवढाच इसावा!"

जीप आमच्याकडं होती तोवर हा नियम पाळला गेला. सोमवारी भीमराव तोंडानं ओरडत जायचा.

* * *

भूमच्या बाजारात आमच्या जीपची लई थट्टा व्हायची. एक दार तारेनं बांधलेलं, टप फाटका, रंग कुठला ते सांगता येत नव्हतं. एकदा शेजारच्या गावचा नवा टेम्पो दुधाचे कॅन भरून चहाच्या टपरीसमोर उभा होता. त्यातला एक जण ओरडला, "ओ भीमराव, सकाळसकाळ भंगार कुठं घालाय निघालाव?"

भीमरावनं गाडी थांबवलीही नाही. "घालून आलो!" तो म्हणाला. "केंद्रावर तुमचीच वाट बघत्यात!"

तो टेम्पोवाला चहा अर्धा टाकून पळाला.

* * *

तिसऱ्या गिअरची एक खोड होती. टाकला की दोन मिनिटांत आपला आपणच बाहेर यायचा. मग भीमरावच्या शेजारी बसेल त्यानं तो दांडा दोन्ही हातांनी धरून बसायचं, हा गावाचा कायदाच झाला. लग्नाला निघालेली नवरी असो की पोलीस पाटील, पुढं बसायचं असेल तर तिसरा धरायचा.

एकदा केंद्राचे साहेब तपासणीला आले. त्यांची गाडी आमच्या खडीवर बसली. तिचा कुठलासा पार्ट पुण्याहून मागवायचा होता. साहेबांना भूमला पोचवायचं आमच्यावर आलं. साहेब पुढं बसले. भीमरावनं अदबीनं सांगितलं, "साहेब, थर्ड टाकतो. तेवढा धरा."

साहेबांनी भूमपर्यंत तिसरा धरला. उतरल्यावर हात झाडत मला म्हणाले, "अहो सचिव, कसली गाडी ही! तुम्ही हिचा पार्ट का बदलून घेत नाही?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आमच्या गाडीला पार्ट लागत नाही, माणूस लागतो. तो आमच्याकडं भरपूर आहे!"

साहेब आधी गंभीर झाले, मग खदाखदा हसले. नासक्या दुधाचा निरोप धाडणारा तोच माणूस पुढं दुसऱ्या गावांना सांगायचा, "दूध वेळेवर कसं आणायचं ते ह्यांना विचारा." आमची छाती कशी फुगली असेल सांगा!

* * *

त्या उन्हाळ्यात मात्र हसू आटलं. विहिरींचे तळ दिसले. टँकर यायचा, माणशी घागर मिळायची आणि त्यातच म्हैस भागवायची. आमची जीप तापट. केंद्रावर जाताना रेडिएटरला बादलीभर पाणी लागायचंच. येताना ती सरकारी चारा डेपोवरून कडबा आणायची, म्हणून म्हशी उभ्या होत्या. पण पाण्याचं नाव निघालं की लोक तोंड फिरवायचे. एका सकाळी कॅन भरून तयार, गाडी उभी, आणि पाणी कुणाकडंच नाही. एक जण तर बोललाच, "माणसं तहानेली आणि लोखंडाला पानी पाजता व्हय?"

तेवढ्यात पारूबाई बादली घेऊन आल्या. ती त्यांच्या म्हशीची बादली होती, सगळ्यांनी ओळखली. म्हैस तिकडं गोठ्यात ओरडत होती, ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

"हिला पाजा आधी," त्या भीमरावला म्हणाल्या. "ही बसली तर माझी म्हस उद्याच बाजारात उभी ऱ्हाईल. म्हस दुपारपोत्तर कड काढंल."

भीमरावनं बादली रेडिएटरमध्ये ओतली आणि गाडी काढली. दुसऱ्या दिवसापासून रोज एका घरातून तांब्या, दुसऱ्या घरातून लोटा, असं करत सोसायटीच्या दारात जीपची बादली भरायला लागली. मी आजही कुठंही छातीवर हात ठेवून सांगतो, त्या दुष्काळात आमच्या गावातली एकही म्हैस बाजारात गेली नाही. ज्यांना हे वाढवलेलं वाटतं त्यांनी खुशाल गावात येऊन विचारावं!

* * *

पुढं पाऊस झाला, दूध वाढलं आणि केंद्राचा ट्रक थेट गावात यायला लागला. जीप नुसती उभी राहायला लागली. लोहाऱ्याचे एक गृहस्थ ती घ्यायला तयार झाले. त्यांना तिच्यावर माणसं वाहायची होती.

पुन्हा मीटिंग झाली. पारूबाई म्हणाल्या, "इकू नका. ट्रक परक्याचा हाय. पुन्हा पाऊस न्हाय आला आन् त्यो बी यायचा थांबला, तर माझ्या म्हशीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

मी त्यांना समजावलं, आबांनी समजावलं. उभी गाडी गंजते, गिऱ्हाईक परत मिळणार नाही. ट्रक बंद होईल असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. मतं घेतली. पारूबाई एकट्या पडल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

गाडी न्यायच्या दिवशी अख्खा गाव गोळा झाला. जीपचा सेल्फ केव्हाच गेलेला, ती पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावी लागायची. मूळचं हँडल हरवलं म्हणून आमच्या लोहारानं ठोकून ठोकून तिच्यापुरतं दुसरं बनवलं होतं. भीमरावनं शेवटचं हँडल मारलं, गाडी धडधडायला लागली आणि तो डोळे पुसायला बाजूला झाला. पारूबाईंनी हळदकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवरून हात फिरवला. बाया डोळ्याला पदर लावत होत्या. लोहारेकर गाडी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी लोहारेकर एसटीनं परत आले. तोंड सुकलेलं.

"आहो सचिव, गाडी दारात जाऊन बंद पडली ती पडलीच! हँडल कुठंय हिचं? दुकानातलं एकबी बसंना. रोज ढकलायला गाव कुठनं गोळा करू?"

भीमरावनं कानावर हात ठेवले. शोधाशोध झाली. शेवटी आबांनी सगळ्यांना पारूबाईंच्या गोठ्याकडं नेलं. म्हशीच्या डोक्यावरच्या खुंटीला हँडल टांगलेलं होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं.

आबा लोहारेकरांना समजावून सांगायला लागले, "त्याचं काय हाय पाव्हणं, आमच्यात जनावर इकलं तर गळ्यातलं दावं देत न्हाईत. दावं मालकाच्या घरीच ठिवायचं. बाईमाणूस हाय, चुकून गाडीचं बी तसंच..."

"आहो बाई!" लोहारेकर हात जोडून पारूबाईंना म्हणाले. "हे दावं न्हाय, हँडल हाय! ह्याच्याबिगर ती गाडी जाग्यावरनं हालत न्हाय!"

पारूबाईंनी म्हशीपुढं पेंढी टाकली, हात झटकले आणि म्हणाल्या,

"म्हणूनच ठिवलंय!"