राखेखालचं शहर आणि आमच्या सासूबाई

माझा नवरा इंग्लंडला इंजिनियर म्हणून लागला आणि दोन वर्षांनी त्यानं मला आणि आपल्या आईला तिकडं बोलावून घेतलं. बालाघाटच्या घरात तोवर आम्ही दोघीच होतो. माहेर वारासिवनी, सासर बालाघाट, एवढ्यातच सासूबाईंची साठ वर्षं गेलेली. नागपूरसुद्धा त्यांना फार लांब वाटे. त्यांना घेऊन मी मुंबईला जहाजात चढले. युद्धामुळं सुएझ कालवा बंद पडला, त्याच्या आधीची ही गोष्ट. जहाज इटलीत जेनोवापर्यंत जायचं आणि पुढं रेल्वे.

पहिल्या बारा दिवसांतले नऊ दिवस त्या केबिनमध्ये आडव्या पडून होत्या. माझ्याशी कामापुरतं बोलत. घरीही आमचं तसंच होतं. भांडण कधी झालं नाही, पण शेजारी बसून दोन गोष्टी केल्या असंही कधी झालं नव्हतं.

जेनोवाच्या आधी नेपल्सला जहाज एक दिवस थांबणार होतं. तिथून जवळच पाँपेई. ज्वालामुखीच्या राखेखाली दोन हजार वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं आणि आता खणून काढलेलं शहर. प्रवाशांना तिथं न्यायला बस होती. आदल्या संध्याकाळी मी नावं द्यायला गेले तर जहाजावरचा अधिकारी सासूबाईंकडे बघून म्हणाला, चालणं फार आहे, यांना जमणार नाही, यांना जहाजावरच राहू द्या.

"काय म्हनते तो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या बशीनं नाई जात तं नाई. आपन आपल्या जाऊ. बारा दिवस झाले, पायाले माती लागली नाई माह्या."

"आई, अनोळखी मुलूख आहे. मले रस्ता कुठं माहीत?"

"तुले इंग्रजी येते नं? मंग इचारजो."

सकाळी आठला आम्ही बंदरातून बाहेर पडलो. त्या नऊवारीत, हातात पिशवी, पिशवीत चिवडा आणि पाण्याची बाटली. जहाज पाचला सुटणार होतं. माझं इंग्रजी पहिल्याच चौकात संपलं, कारण कोणालाच ते येत नव्हतं. मी घाबरून परत फिरणार तेवढ्यात सासूबाई एका फळवालीपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पाँपेई!" तिनं हात करून रस्ता दाखवला. पुढच्या वळणावर त्यांनी एका पोलिसाला तसंच विचारलं. असं विचारत विचारत आम्ही स्टेशनवर आलो आणि गाडीत बसलोसुद्धा.

पाँपेईचे रस्ते दगडी. मोठमोठ्या फरशा, वर-खाली झालेल्या, आणि त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. सासूबाईंनी वाकून एका चाकोरीत बोटं घातली. "लय भरून नेत असतीन गाड्या," म्हणाल्या. पुढं एक भटारखाना होता. माणसाच्या छातीएवढी दगडी जाती आणि विटांची भट्टी. ती त्यांनी आत डोकं घालून पाहिली. जात्याभोवती फिरून मला समजावून सांगितलं की हे एकट्या बाईचं काम नाही, याला जनावर जुंपत असणार. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते.

तिथून निघालो आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

"आई, परत जाऊ आता."

"काहून? चप्पल तुटली, पाय तुटला का?"

माझा रुमाल घेऊन त्यांनी चप्पल पायाला बांधली. दहा पावलांत रुमाल सुटला. मग दोन्ही चपला पिशवीत गेल्या आणि त्या अनवाणी चालू लागल्या. मार्चचं ऊन होतं, पण दगड गार होते.

एका खोलीत काचेच्या पेट्या होत्या. राखेत सापडलेल्या माणसांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या, त्यांत प्लॅस्टर ओतून काढलेले त्यांचे आकार. एक जण तोंडावर हात घेऊन पडलेला. सासूबाईंना ते पुतळे वाटले. मी खरं काय ते सांगितल्यावर त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

"राखेनं घसा सुकला असन यायचा," त्या म्हणाल्या. "बाटली दे."

मला वाटलं त्यांना तहान लागली. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि पेटीच्या पायाशी हळूच सोडलं. पहारेकरी ओरडत आला. मी माफी मागू लागले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. दुसरी ओंजळ भरली, तीही सोडली, मग बाटलीला झाकण लावलं. तो त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिला. मग काहीतरी पुटपुटत बुटानं पाणी पसरवून निघून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भीतीनं की कशानं, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

परतीची गाडी वाटेत अर्धा तास खोळंबली. नेपल्सला उतरलो तेव्हा साडेचार होत आले होते. आम्ही चालत सुटलो. त्यांनी ओचा वर खोचला होता आणि माझा दंड धरला होता. मी दमून थांबले की ओढायच्या. "चाल, चाल. जहाज आपल्यासाठी थांबून नाई राह्यलं."

शिडी काढायला दहा मिनिटं उरली होती. वर तोच अधिकारी उभा. तो रागानं काहीतरी बोलला. "सांग त्याले," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "आम्ही टाइमावर आलो." मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं. एवढ्या ठाम आवाजात मी परक्या माणसाशी आयुष्यात बोलले नव्हते.

रात्री केबिनमध्ये मी कोमट पाण्यात त्यांचे पाय धुतले. टाचेला एक खोल चीर पडली होती. त्या नको म्हणाल्या नाहीत.

इंग्लंडात त्या दोन वर्षं राहिल्या, मग थंडी सोसेना म्हणून बालाघाटला परतल्या. पुढं आम्ही सुट्टीत घरी गेलो तेव्हा गल्लीतल्या बाया मला विचारू लागल्या, त्या राखेच्या शहरात तू सासूला घेऊन गेली होतीस म्हणे? सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं, सुनेनं नेलं, सुनेनं रस्ता काढला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर आतून त्यांचा आवाज आला, "हौ, तिनंच नेलतं. चहा ठेव व बाई, सगळ्याइसाठी."